ट्रेलरमध्ये बॅटरी कुठली टाकू? वाचकांचे प्रश्न

प्रश्न (सांगलीहून) : नमस्कार दादा, किती वर्षं डोक्यात होतं ते यंदा झालं एकदाचं. ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून आठ फुटी छोटा ट्रेलर बनवून घेतला, आत दोन मोठे दोन लहान कसेबसे झोपतात आणि मागचं झाकण उघडलं की किचन. जीपला जोडून कोकणात न्यायचाय. 40 लिटरचा 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज घेऊन झालाय, बाकी तीन एलईडी, दोन छोटे फॅन, पाण्याचा पंप आणि मोबाईल. घरी इन्व्हर्टरची 150 एएचची (अँपियर-अवर) ट्यूब्युलर बॅटरी नुसती पडून आहे, कारण आता लाईट पूर्वीसारखी जात नाही, तर तीच टाकू का? दुकानदार म्हणतो लिथियम घ्या, दहा वर्षं बघायला नको. मेहुणा म्हणतो स्कूटरचे जुने सेल आणून मी पॅक बनवून देतो. बायको म्हणते आधीच खर्च खूप झालाय. काय करू?

उत्तर : वहिनींचं बरोबर आहे, पण फ्रीज आधी घेऊन बसलात म्हणजे खर्चाचा मुख्य निर्णय तुम्ही केव्हाच घेतलाय, आता बॅटरी त्या फ्रीजच्या मापाचीच लागणार. बाकीचं सगळं किरकोळ असतं, बघा. फ्रीज चालू असताना साधारण 50 वॅट ओढतो पण सतत चालत नाही, थंडीत दिवसातला एक तृतीयांश वेळ आणि एप्रिल-मेमध्ये निम्मा वेळ धरा, म्हणजे 24 तासांत 400 ते 600 वॅट-अवर (वॅट गुणिले तास) एकटा फ्रीज खाणार. तीन दिवे पाच तास जाळले तर 75, दोन्ही फॅन रात्रभर मिळून 190, चार मोबाईल 60, पंप तर दिवसाला दहा मिनिटंसुद्धा चालत नाही, त्याचे 10. थंडीत फॅन लागत नाहीत म्हणून साडेपाचशे आणि उन्हाळ्यात साडेनऊशेच्या आसपास, हा झाला तुमचा एका दिवसाचा हिशेब. हा कागदावर मांडल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.

आता ती घरची ट्यूब्युलर, म्हणजे लेड-ॲसिडचीच एक जात. 150 एएच गुणिले 12 म्हणजे 1800 वॅट-अवर, वाचायला भारी वाटतं, पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली की तिचं आयुष्य भराभर कमी होतं, त्यामुळे हातात येतात 900. तेवढे तरी पुरतील म्हणाल, तर माझा आक्षेप वेगळाच आहे. एक तर ती ॲसिडसकट 50-60 किलोची, आठ फुटी ट्रेलरमध्ये म्हणजे एक माणूस जास्तीचा बसवून घाट चढायचा. दुसरं म्हणजे ती घराच्या कोपऱ्यात हलू न देता ठेवण्यासाठी बनवलीय, गगनबावड्याच्या वळणांवर आणि खड्ड्यांत ॲसिड झाकणांतून बाहेर येतं आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, आणि त्याच डब्यात तुमची पोरं झोपणार. तिसरं कुणी सांगत नाही ते म्हणजे ती भरते फार सावकाश. तिला 15 अँपियरच्या आसपासच करंट द्यायचा आणि शेवटचा पंचवीस टक्के भाग तर ती इतकी रेंगाळत घेते की सांगलीहून तारकर्लीला पोचलात तरी ती पूर्ण भरलेली नसणार. घरी ठीक आहे, रात्रभर प्लगला असते, रस्त्यावर तेवढा वेळ कुठून आणणार. तर तिला घरीच राहू द्या, नाहीतर एक्स्चेंजमध्ये देऊन टाका, शिशाला भाव मिळतो.

लिथियमच घ्या, पण दुकानदार सांगतो त्या कारणासाठी नको. दोन-तीन हजार सायकल (एकदा भरून उतरवली की एक सायकल), दहा वर्षं वगैरे ठीक आहे हो, पण तुम्ही वर्षाला फार तर वीस रात्री बाहेर काढणार, त्या हजारो सायकल तुमच्या नातवंडांकडूनही संपायच्या नाहीत. तुम्हाला पैसे मोजायचेत ते वजनाचे आणि लवकर भरण्याचे. 100 एएचची एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, 12.8 व्होल्टची 1280 वॅट-अवरची बॅटरी बारा-तेरा किलोत येते आणि त्यातले साडेअकराशे बिनधास्त वापरता येतात. तुमच्या हिशेबाने थंडीत दोन दिवस, उन्हाळ्यात एक दिवस आणि थोडं वर. 200 एएचच्या भानगडीत पडू नका.

मेहुण्यांना मात्र नको म्हणा, जरा वाईट वाटलं तरी चालेल. स्कूटरचे सेल बऱ्याचदा एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) जातीचे लिथियम असतात, ते तापले की एलएफपीपेक्षा फार लवकर पेट घेतात, त्यात वापरलेले, कुठला किती दमलाय ते कळायला मार्ग नाही. बाहेर अंगणातल्या दिव्याला वापरून बघू देत त्यांना.

चार्जिंगचं मात्र नीट ऐका कारण बहुतेक लोक इथेच फसतात. जीपच्या बॅटरीवरून थेट वायर ओढून लिथियमला जोडायची नाही, रिकामी लिथियम इतका करंट खेचते की आल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, तापून जळू शकतो. मध्ये करंट आवरून धरणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवा, 20 अँपियरचा पुरे, तो तासाला साधारण 260 वॅट-अवर भरतो, म्हणजे पाच तास गाडी चालली की रिकामी बॅटरीसुद्धा भरत आली. चार्जर ट्रेलरमध्ये बॅटरीजवळ बसवा आणि जीपपासून तिथपर्यंत 16 स्क्वेअर एमएमची केबल टाका. इलेक्ट्रिशियन घरात वापरतात ती अडीचची वायर टाकून देतो म्हणेल, तर तेवढ्या लांबीत दोन-अडीच व्होल्ट वाटेतच जातात. आणि दोन्ही बॅटरींच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज, हे विसरायचं नाही. बॅटरी ठेवायची ॲक्सलच्या वर, खाली तळाला, पट्ट्याने आवळून.

सोलरचं विचारलं नाहीत तरी सांगतो, 150 वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला पाचशे-सहाशे देतं, पण छपरावर पक्कं बसवू नका, कारण उन्हाळ्यात तुम्ही ट्रेलर लावणार माडाखाली सावलीत आणि मग पॅनलही सावलीतच. घडीचं घ्या, पाच मीटर वायर लावून उन्हात ठेवा. इंडक्शनचा मोह मात्र टाळा, 1800 वॅट म्हणजे 12 व्होल्टवर दीडशेच्या वर अँपियर, चहा करताना बॅटरी बंद पडेल. पाच किलोचा सिलिंडर बरा.

हे सगळं मी शहाणपणाने शिकलो असं नाही. पहिल्या वर्षी गाडीची जुनी 45 एएचची बॅटरी फ्रीजला जोडून गुहागरला गेलो होतो, रात्री दोनला फ्रीज गप्प झाला आणि सकाळी सुरमईचा वास आधी आला मग लक्षात आलं. गाडीची बॅटरी स्टार्टर फिरवायला दोन सेकंद जोर देते, रात्रभर राबायला ती बनवलेलीच नसते, अशी चार-पाच वेळा पूर्ण उतरली की भंगारात.

प्रश्न (पुण्याहून) : जूनमध्ये ट्रेलर घेऊन स्पितीला जातोय. लिथियम थंडीत चालत नाही म्हणतात, खरं का?

उत्तर : अर्धं खरं. शून्याच्या खाली एलएफपी वीज देते, पण तिला चार्ज करायचं नाही, सेल आतून कायमचे खराब होतात. चांगल्या बॅटरीतलं बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट, स्वतःच चार्जिंग तोडतं, घेताना हे आहे का ते विचारून घ्या. जूनमध्ये स्पितीतल्या काझाला दिवसा काही अडचण नाही, पहाटे मात्र चार्जिंगची घाई करू नका, आणि बॅटरी बाहेरच्या पेटीत न ठेवता आत झोपायच्या जागेखाली ठेवा.

प्रश्न (नागपूरहून) : पावसाळाभर ट्रेलर शेडमध्ये उभा असतो. बॅटरी फुल करून ठेवू ना? मीटरवर तर कायम 13.2 च दिसतं.

उत्तर : लेड-ॲसिड असेल तर फुल करा आणि महिन्याला एकदा चार्ज द्या, रिकामी राहिली की प्लेटांवर सल्फेट जमून संपलीच. लिथियमचं उलटं, निम्म्यावर आणून वायर काढून ठेवा, चार महिने बघायची गरज नाही. मीटरचं म्हणाल तर लिथियमचा व्होल्टेज बराच वेळ तेवढाच राहतो, ऐंशी टक्के असो की पन्नास, आकडा हलल्यासारखा वाटतच नाही. शंटवाला मीटर लावा, तो किती अँपियर आत गेले किती बाहेर आले ते मोजतो. आणि शेड पत्र्याची असेल तर जूनची वाट न बघता मेमध्येच बॅटरी काढून घरात आणा, नागपूरच्या उन्हात पत्र्याखाली काय तापतं ते मी तुम्हाला काय सांगू.