तिसरीतल्या मुलाला घरीच इंजिनिअरिंग

प्रश्न: ताई, मुलगा तिसरीत आहे, हाती येईल ते खोलून बघतो. रोबोटिक्स क्लासची फी परवडत नाही, घरी काही करता येईल का?
- एक पालक, सातारा

उत्तर: नक्की येईल, आणि या वयात क्लासची घाई नकोच. सायकलच्या दुकानातून थोडी व्हॉल्व्ह ट्यूब (बारीक रबरी नळी) आणा, दीड-दीड सेंटीमीटरचे तुकडे कापा, काड्यापेटीतल्या काड्यांचं गुल तुम्ही स्वतः खरवडून टाका आणि एकेका तुकड्यात दोन्ही बाजूंनी काडी खोचा, झाला जोड तयार. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर अरविंद गुप्ता यांनी हीच मॉडेल्स मुलांपर्यंत नेली, पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत त्यांनी मुलांसाठी खूप काम केलं.

आता त्याला त्रिकोण आणि चौकोन करू द्या. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण हलत नाही. मग विचारा, चौकोन उभा कसा ठेवशील? तो मधे तिरपी काडी लावायला जाईल आणि ती पुरायचीच नाही, कारण कर्ण बाजूच्या जवळपास 1.4 पट असतो, मग खराट्याची काडी मापून कापेल, जोडाला सुईने भोक पाडून बसवेल (सुईला तुमचा हात लावा). रेल्वेच्या लोखंडी पुलात त्रिकोण का असतात हे त्याला इथेच कळतं, आणि मला हा भाग फार आवडतो!

लॉजिकसाठी आपलं जुनं वाघ, शेळी, गवताचं कोडं खेळण्यांनी मांडा. 7 वेळा नदी ओलांडावी लागते, शेळी एकदा परत आणावी लागते, पण प्लीज ते सांगू नका, अडला तरी अडू द्या.