पोलिसांच्या ग्रँटमधून आमच्या हेल्पलाइनला काही मिळेल का?

ह्या महिन्यात अमेरिकेतून तीन पत्रं आलीत आणि पुण्यातून एक, आणि चारही सरकारी ग्रँटबद्दल. मी कितीतरी वर्षं ग्रँटच्या हिशेबाच्या फायली चाळण्यात घालवली, त्यामुळे विषय माझ्या जवळचा आहे, उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी आम्ही सात-आठ जणी मराठी, हिंदी, गुजराती बोलणारी हेल्पलाइन चालवतो, नॉनप्रॉफिट म्हणून रजिस्टर पण केलीय. परवा टाउन कौन्सिलच्या अजेंड्यावर ‘बर्न जॅग ग्रँट’ असं दिसलं, त्यातून पोलिसांसाठी बॉडी कॅमेरे आणि काहीतरी सॉफ्टवेअर घेणार आहेत. नवरा म्हणतो पोलिसांचा पैसा आहे, आपला काय संबंध. खरंच नाही का संबंध?

उत्तर : आहे ना. नवऱ्याचं निम्मं बरोबर आहे. जॅग म्हणजे ‘जस्टिस असिस्टन्स ग्रँट’, वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारकडून राज्यांना आणि शहरांना मिळणारा पैसा. ‘बर्न’ हे नावच मुळी एका पोलिसाचं. एडवर्ड बर्न, न्यूयॉर्कच्या पोलिस खात्यातला २२ वर्षांचा पोरगा. क्वीन्समधल्या साउथ जमैका भागात गयानाहून आलेल्या एका माणसाने ड्रग विकणाऱ्यांविरुद्ध तक्रार केली, तर त्याच्या घरावर पेट्रोल बॉम्ब टाकले, मग त्याच्या संरक्षणासाठी घराबाहेर पोलिसांची गाडी उभी राहायला लागली. २६ फेब्रुवारी १९८८ च्या पहाटे त्या गाडीत बर्न एकटाच बसला होता, तिथेच त्याला गोळ्या घातल्या, आणि हुकूम आला होता तुरुंगातून. त्या वर्षी प्रेसिडेंटची निवडणूक होती, बर्नच्या वडिलांनी पोराचा बॅज थोरल्या बुशना दिला आणि ते तो प्रचारात दाखवायचे. त्याच वर्षीच्या ड्रगविरोधी कायद्यात राज्यांना पैसे द्यायची जी योजना आली तिला बर्नचं नाव दिलं. २००५ च्या सुमाराला ती आणि पोलिसांसाठीची आणखी एक ग्रँट एकत्र केली, ते म्हणजे आत्ताचं जॅग.

आता राहिलेलं निम्मं. हे पैसे कशावर खर्च करता येतील त्याची यादी कायद्यातच आहे, आणि त्यात पोलिस हा फक्त पहिला आयटम. पुढे सरकारी वकील आणि कोर्टं, गुन्हे होऊच नयेत म्हणून करायचं काम, तुरुंग, व्यसनमुक्ती, पीडित आणि साक्षीदारांना मदत, मानसिक आरोग्य असं बरंच काही आहे. म्हणजे तुमचं काम यादीत बसतं. फक्त तुम्हाला वॉशिंग्टनकडे थेट अर्ज करता येत नाही, राज्याकडून नाहीतर टाउन किंवा काउंटीकडून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) उपग्रँट घ्यावी लागते, म्हणजे त्यांना मिळालेल्या पैशातला हिस्सा.

कौन्सिलच्या अजेंड्यावर ते कलम आलं कशासाठी ठाऊक आहे? नियम असा की अर्ज पाठवायच्या निदान ३० दिवस आधी तो गावच्या कौन्सिलसमोर ठेवायचा आणि लोकांना बोलायची संधी द्यायची. बहुतेक गावांत काय होतं, क्लार्क दोन ओळी वाचते, ‘कुणाला काही बोलायचंय?’ विचारते, खुर्च्यांवर चार माणसं, त्यातला एक पार्किंगची तक्रार घेऊन आलेला, आणि विषय मंजूर. तुम्ही त्या दिवशी जा. तीन मिनिटं मिळतात, त्यात सांगा की रात्री दोनला घाबरलेली बाई इंग्रजीत बोलत नाही, तेव्हा पोलिसांना दुभाषी लागतो आणि तो आमच्याकडे आहे. कॅमेऱ्यांना विरोध करायला जाऊ नका, उगीच वाद होतो आणि तुमचं काम बाजूला राहतं.

असं बोलणारं कुणीच नसलं की काय होतं ते टेक्सासच्या तुलियात दिसलं. पाच हजार वस्तीचं गाव. बर्नच्या पैशावर चालणाऱ्या एका ड्रग टास्क फोर्सने १९९९ च्या जुलैत ४६ लोकांना उचललं, त्यातले बहुतेक सगळे काळे, आणि पुरावा काय तर एकाच अंडरकव्हर पोलिसाचा शब्द. २००३ मध्ये गव्हर्नरने ३५ जणांना माफी दिली आणि तो पोलिस पुढे खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरला. मी हे पोलिसांविरुद्ध म्हणून सांगत नाहीये, पैसे कुठे जातात ते कुणीतरी बघत असावं एवढंच.

पण खरं सांगू का, तुमच्यासाठी जॅगपेक्षा दुसरी दोन दारं जास्त उघडी आहेत. एक ‘स्टॉप’ ग्रँट, स्त्रियांवरच्या हिंसेच्या १९९४ च्या कायद्यातली. राज्याला मिळालेल्या रकमेतले निदान ३० टक्के पीडितांना मदत करणाऱ्यांना द्यावे लागतात आणि त्यातले निदान १० टक्के विशिष्ट समाजात, त्यांच्या भाषेत आणि रीतीभातीत काम करणाऱ्या संस्थांना. हे वाक्य तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे! दुसरं दार १९८४ च्या व्होका कायद्याचं, म्हणजे गुन्ह्यांच्या पीडितांसाठीच्या कायद्याचं. तो पैसा टॅक्समधून येत नाही, फेडरल कोर्टात गुन्हेगारांना होणाऱ्या दंडातून येतो. व्होकात साधारण २० टक्के वाटा आपला घालावा लागतो, पण स्वयंसेवकांचे तास त्यात धरता येतात, म्हणजे तुम्ही सात-आठ जणी रात्री फोनवर बसता ते तास आजपासून लिहून ठेवा. तारीख, वेळ, सही. वहीत लिहिलं तरी चालेल. न्यू जर्सीत हा सगळा कारभार ॲटर्नी जनरलच्या हाताखालच्या खात्याकडे आहे, त्यांच्या वेबसाइटवर ग्रँटची नोटीस येते, ईमेल अलर्ट लावून टाका. आणि मानवी ही संस्था १९८५ पासून तुमच्याच राज्यात दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करतेय, आधी त्यांच्याशी बोला, एकट्याने मोठा अर्ज करण्यापेक्षा जुन्या संस्थेबरोबर जाणं पहिल्या वर्षी सोपं पडतं.

प्रश्न : शेजारच्या शहराला दर वर्षी जॅगचे पैसे थेट मिळतात, आमच्या गावाला एक डॉलर नाही. राजकारण आहे का?

उत्तर : नाही हो, गणित आहे. राज्याचा वाटा निम्मा लोकसंख्येवर आणि निम्मा हिंसक गुन्ह्यांवर ठरतो, म्हणजे खून, बलात्कार, जबरी चोरी, गंभीर मारहाण. तुमची सायकल चोरीला गेली तर ती ह्या हिशेबात नाही. मग राज्याच्या वाट्यातले ६० टक्के राज्य सरकारकडे आणि ४० टक्के शहरं-काउंट्यांना, तेही त्यांच्या गुन्ह्यांच्या आकड्यावर. ज्या गावाचा हिशेब १० हजार डॉलरच्या खाली येतो त्याला थेट काहीच मिळत नाही, ती रक्कम राज्याकडे जाते आणि राज्याने ती अशाच लहान गावांसाठी वापरायची असते. तेव्हा तुमच्या पोलिस चीफला विचारा की राज्याकडे अर्ज केलाय का. आणि हेही विचारा की एफबीआयला आकडे नीट पाठवता का, कारण आकडेच नसतील तर फॉर्म्युल्यात तुमचं गाव दिसणारच नाही. गुन्हे कमी तर पैसे कमी, ऐकायला विचित्र वाटतं, पण तुमच्या गावाला पैसे मिळत नाहीत ही तशी चांगलीच बातमी म्हणायची.

प्रश्न : आमच्या संस्थेला (डॅलसजवळ) पहिल्यांदाच उपग्रँट मिळालीय. अकाउंटंट म्हणतो आधी आपण खर्च करायचा, पैसे नंतर. आणि आधीपासून असलेल्या समुपदेशकाचा पगार आता ह्यातून टाकू म्हणतोय. चालेल का?

उत्तर : पहिलं बरोबर, दुसरं जपून. बरीच राज्यं बिल बघून पैसे देतात, दोन-तीन महिने सहज जातात, तेवढी गंगाजळी हातात ठेवा. दुसऱ्याबद्दल जॅगसारख्या ग्रँटमध्ये कडक नियम आहे, जे तुम्ही स्वतःच्या पैशातून करतच होता त्याच्या जागी हे पैसे घालायचे नाहीत. काम वाढलं पाहिजे. समुपदेशकाचे तास वाढवा, नवीन अर्धवेळ माणूस घ्या, ते चालेल. नुसता खिसा बदलला तर ऑडिटर पकडतो.

आणि टाइमशीट! मी पूर्वी एका छोट्या संस्थेच्या फायली बघायचे, नाव कशाला घ्या. तिथे एका बाईंचा अर्धा पगार ग्रँटमधून जायचा आणि टाइमशीटवर रोज बरोब्बर चार तास लिहिलेले, वर्षभर, एकही दिवस साडेतीन नाही की पाच नाही. ऑडिटर तरुण मुलगा होता, त्याने शांतपणे नोव्हेंबरचं पान उघडलं आणि चौथ्या गुरुवारवर बोट ठेवलं. थँक्सगिव्हिंग! ऑफिसला कुलूप, आणि चार तास काम. पैसे परत करावे लागले, वर पुढच्या वर्षी दर महिन्याला जास्तीचे कागद. तेव्हा जेवढं केलं तेवढंच लिहा, रोजच्या रोज. लॅपटॉप घेतलात तर त्यावर स्टिकर लावा आणि तो कुणाच्या घरी आहे ते लिहून ठेवा.

अजून एक, ह्या भरवशावर ऑफिसची पाच वर्षांची लीज करू नका. व्होकाच्या फंडातून वर्षाला किती खर्च करायचा त्याची मर्यादा २०१८ मध्ये सुमारे ४४४ कोटी डॉलर होती, २०२४ मध्ये सुमारे १३५ कोटींवर आली. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने तीनशेहून जास्त ग्रँट्स मधेच थांबवल्या, लोकं नेमलेली, कामं चालू असताना.

प्रश्न : आपल्याकडे असं काही आहे का? (पुणे)

उत्तर : आहे. पोलिस आधुनिकीकरणाची केंद्राची योजना १९६९-७० पासून चालू आहे, महाराष्ट्रासारख्या राज्यांना केंद्र ६० आणि राज्य ४० असा हिशेब. शिवाय २०१३ चा निर्भया फंड, त्यातूनच मुंबईत सेफ सिटीचं काम आलं. फरक एवढाच की गावच्या सभेत उभं राहून ‘हे पैसे कशावर घालताय’ विचारायचं कलम आपल्याकडच्या योजनेत मला कुठे दिसलं नाही, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज आणि दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प.