घरात सापडलेल्या जुन्या वस्तऱ्याची अवस्था आणि किंमत कशी ठरवायची? विकण्याआधी पॉलिश करून घ्यावा का?

पॉलिश करू नका. बाकीचं उत्तर सवडीने वाचलंत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की वस्तरा इंग्लंडमधल्या शेफील्डचा आहे, पात्याच्या मागच्या दांड्यावर मुकुट आणि ‘व्ही. आर.’ अशी अक्षरं आहेत, मूठ पिवळसर पांढरी आहे आणि पात्यावर काळे डाग आहेत. तुमचा सगळा भर नावावर आणि मुकुटावर दिसतोय. मी मात्र जुना वस्तरा हातात आला की नाव सगळ्यात शेवटी वाचतो. आधी धार बघतो.

चांगला उजेड आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. पातं उघडून धार टोकापासून टाचेपर्यंत, म्हणजे मुठीकडच्या टोकापर्यंत, सावकाश बघा. टवका उडालेला असेल तर घाबरू नका. तो लहान असेल तर दगडावर घासून निघतो, पात्याची रुंदी तेवढी थोडी कमी होते. तडा ही वेगळी गोष्ट आहे. धारेपासून पाठीकडे, म्हणजे पात्याच्या जाड बाजूकडे, जाणारी केसासारखी रेघ दिसली की त्या पात्याने दाढी करणं संपलं. तडा पुढे सरकतच राहतो आणि पातळ पोलादाचा तुकडा कधी निघेल याचा भरवसा नसतो. डोळ्याला दिसत नसेल तर कापसाचा बोळा धारेवरून हलकेच फिरवा. टवका किंवा तडा असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात. बोट फिरवून बघू नका, बोथट वाटणारा वस्तराही कापतो.

आता काळे डाग. नुसता काळपटपणा म्हणजे जुन्या कार्बन पोलादाचं वय, त्याने काही बिघडत नाही. लालसर गंज तेल लावून मऊ फडक्याने बऱ्यापैकी निघतो. खरी अडचण गंजाखालच्या खड्ड्यांची. पाठीजवळ खड्डे असतील तर तो फक्त दिसण्याचा दोष. पण धारेपासून एक-दोन मिलिमीटरच्या आत बारीक काळे ठिपके दिसले तर सावध व्हा. वरून टाचणीच्या टोकाएवढा दिसणारा ठिपका आत खोल गेलेला असू शकतो. अशा पात्याला दगडावर धार लावत गेलं की धार नेमकी त्या खड्ड्यात येऊन तुटते, पुन्हा लावली की पुन्हा तुटते.

यानंतर पाठ बघा. विकणारे नेमकं हेच सांगत नाहीत. वस्तऱ्याला धार लावताना धार आणि पाठ दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकलेली असतात, म्हणजे कोन किती ठेवायचा हे पाठीची जाडीच ठरवते. बहुतेक वस्तऱ्यांत तो साधारण 16 ते 18 अंशांच्या आसपास भरतो. वर्षानुवर्षं दगडावर लावलेल्या वस्तऱ्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना सपाट, चकाकणारी पट्टी तयार होते. पट्टी अरुंद आणि दोन्हीकडे सारखी असेल तर वस्तरा नीट वापरलेला आहे. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद, किंवा टाचेकडे जाड आणि टोकाकडे झिजलेली असेल तर कोणीतरी चुकीच्या हाताने खूप घासलाय, किंवा पातंच मुळात वाकडं आहे. सपाट काचेवर आडवं ठेवून पातं डुलतं का ते बघा. धार टोकापासून टाचेपर्यंत थोडी बाहेर फुगलेली असेल तर चालतं, अनेक जुने वस्तरे घडवतानाच तसे केलेले असतात. मध्यभागी आत गेलेली धार मात्र वाईट. सरळ करायची तर दोन्ही टोकांकडचं पोलाद घासून घालवावं लागतं.

रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात: 4/8, 5/8, 6/8 असं. दाढीसाठी 5/8 आणि 6/8 सर्वांत सोयीचे. संग्राहक मात्र 7/8 आणि त्याहून रुंद, जाडजूड पाचरीसारख्या शेफील्ड पात्यांच्या मागे असतात. त्यांची रुंदी टिकून असेल तर भाव चढतो.

मुठीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे पैसाही आहे आणि धोकाही. पिवळसर पांढरी मूठ हस्तिदंताची, हाडाची किंवा सेल्युलॉइडची (एक जुनं प्लॅस्टिक) असू शकते. हाडात बारीक गडद ठिपके किंवा छोट्या रेघा दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी असते. नकली हस्तिदंतात समांतर रेघा असतात, आणि त्या जरा जास्तच शिस्तीत असतात. अंगठ्याने जोरात घासून गरम केल्यावर कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइड समजा. तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, सेल्युलॉइड भसकन पेटतं.

सेल्युलॉइडला आणखी एक खोड आहे. ते काही दशकांनी आतून कुजायला लागतं आणि त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं बाहेर पडतात. हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचं आम्ल होतं आणि ते पोलाद खातं. मुठीत बारीक भेगांचं जाळं, आंबट उग्र वास, पितळी खिळ्यांभोवती हिरवट थर आणि पात्याचा मुठीत मिटणारा भागच तेवढा गंजलेला, असं दिसलं तर आजच पातं उघडून ठेवा आणि तो वस्तरा इतरांपासून वेगळा करा. एकाच पेटीतले शेजारचे वस्तरेही गंजतात. पातं चांगलं असेल तर अशी मूठ बदलणं हाच उपाय.

आणि मूठ खरोखर हस्तिदंताची निघाली तर हुरळून जाऊ नका. हत्तीच्या दाताचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ या धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या करारानुसार 1990 पासून जवळपास बंद आहे आणि देशोदेशीचे कायदे त्याहून कडक असू शकतात. आपल्याकडचा नियम तपासल्याशिवाय जाहिरात टाकू नका.

आता तुमचा मुकुट. ‘व्ही. आर.’ म्हणजे राणी व्हिक्टोरिया, 1837 ते 1901. त्याआधीच्या चौथ्या विल्यमच्या काळात, 1830 ते 1837, ‘डब्ल्यू. आर.’ असायचं. शेफील्डच्या शेकडो कारागिरांनी ही अक्षरं उठवली, त्यामुळे त्यातून वय कळतं, दुर्मिळता नाही. नुसतं ‘शेफील्ड’ आहे की पुढे ‘इंग्लंड’ही आहे ते बघा. अमेरिकेच्या 1890 च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून ‘इंग्लंड’ असेल तर वस्तरा बहुधा 1891 नंतरचा. नसेल तर त्यावरून काही सिद्ध होत नाही, तो अमेरिकेला पाठवायचा नसेलही. ‘सिल्व्हर स्टील’ असं कोरलं असेल तर चांदीच्या आशेवर राहू नका. 1820 च्या सुमारास शास्त्रज्ञ फॅरेडे आणि सुऱ्या-वस्तरे बनवणारे स्टोडार्ट यांनी पोलादात चांदी आणि इतर धातू मिसळून प्रयोग केले, आणि ते नाव विक्रीला छान चालतंय हे कारखानदारांनी लगेच हेरलं.

वेड अँड बुचर, जोसेफ रॉजर्स, जॉर्ज वोस्टनहोम या शेफील्डच्या नामांकित कारखानदारांपैकी नाव निघालं तर ग्राहक मिळेल. पण झिजलेल्या प्रसिद्ध पात्यापेक्षा अनोळखी नावाचं न झिजलेलं पातं मी कधीही जास्त किंमत देऊन घेईन.

पॉलिशला नाही का म्हणतो ते एवढ्यासाठीच: फिरत्या चाकावर धरलं की शिक्के पुसट होतात, पात्यावरची कोरीव नक्षी आणि सोनेरी मुलामा उडतो. धारेजवळचं पोलाद तापून निळसर झालं तर त्याचं पाणी उतरतं, मग धार टिकत नाही. आरशासारखा चकचकीत जुना वस्तरा पाहिला की जाणकार आधी शिक्क्याच्या कडा बघतो.

किमतीसाठी लिलावाच्या संकेतस्थळांवर मागितलेले भाव बघू नका, विकले गेलेले बघा. तेही तुमच्याच रुंदीचे आणि अवस्थेचे. धार लावून तयार नसलेल्या वस्तऱ्याच्या किमतीतून घेणारा धार लावण्याचा खर्च मनातल्या मनात वजा करतोच. हलकं तेल लावून पुसा आणि फोटो काढा: दोन्ही बाजू, पाठ वरून, धार उजेडासमोर धरून, शिक्का जवळून, आणि वस्तरा मिटल्यावर पातं मुठीच्या मधोमध बसतं की एका बाजूला टेकतं ते. धारेचा फोटो नसलेल्या जाहिरातीकडे मी तरी वळत नाही.