"आई, इथे कायदेशीर आहे"

गेल्या पावसाळ्यात एक ताई माझ्याकडे आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा बावीस वर्षांचा, कॅनडात ओंटारिओला शिकायला. व्हिडिओ कॉलवर त्याच्या टेबलावर गांजाचं पाकीट दिसलं. विचारलं तर म्हणाला, "आई, इथे कायदेशीर आहे."

"मॅडम, तिथलं सरकारच हो म्हणतंय. मग मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

परदेशी मुलं असलेल्या पालकांकडून हा प्रश्न मी वरचेवर ऐकते. कॅनडानं १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर केला तो काळ्या बाजाराचा पैसा तोडायला आणि लहान मुलांपासून तो दूर ठेवायला. गांजा निर्धोक आहे, असं त्या कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही. ताईंना व्यसनाची भीती होती. माझ्या मनात आधी दुसरंच आलं: हा गाडी चालवतो का?

पुढच्या वेळी तिघं बोललो. मुलगा मोकळा होता. शुक्रवारी ओढायचं, मग मित्रांना घरी सोडायचं. "दारू पिऊन मी स्टिअरिंगला हातही लावत नाही," हे त्यानं अभिमानानं सांगितलं. आणि गांजा? "त्यानं उलट मी हळू चालवतो."

इथे मी थांबले. हळू चालवलं तरी ब्रेकवर पाय उशिरा पडतो, अंतराचा अंदाज चुकतो. गमी, म्हणजे गांजा घातलेली चघळायची गोळी, खाल्ली तर अंमल चढायला दोन तासही लागू शकतात, म्हणजे ऐन रस्त्यावर. शिवाय त्याचं लायसन्स नवशिक्याचं, जी-टू. ओंटारिओत अशा चालकाच्या लाळेत गांजाचा अंश सापडला तरी लायसन्स तिथल्या तिथे निलंबित होतं. हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो बराच वेळ गप्प होता.

ताईंना मी एवढंच सुचवलं, की "सोड" म्हणण्याआधी "शुक्रवारी घरी कसा गेलास?" हे विचारा. परवानगी की बंदी, हा वाद महत्त्वाचाच आहे. पण त्यात अडकलेल्या आईला मुलाच्या हातातली गाडीची किल्ली दिसत नाही.

महिन्याभरानं ताईंचा फोन आला. शुक्रवारी किल्ली आता न ओढणाऱ्या रूममेटकडे असते. ओढणं सुटलेलं नाही, त्यावर आमचं काम चालू आहे. डिसेंबरमध्ये तो पुण्याला येणार होता. बॅगेत एक गमीही नको, असं मी त्याला बजावलं: कॅनडातून बाहेर नेणं तिथेही गुन्हा, आणि इथे अमली पदार्थांविरुद्धचा १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे.

"माहितेय मॅडम," तो म्हणाला, "आईनं कालच विचारलं."