पाट्या कोरायच्या सीएनसीला सॉफ्टवेअर कुठलं?

प्रश्न : मी खानापूरजवळ सुतारकाम करतो. घरीच छोटं सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं लाकूड कोरणारं मशीन, बनवायलोय. ते सरकवायला नेमा २३ मापाच्या स्टेपर मोटारी आणि १६०५ चे (१६ मिमी जाड, फेऱ्याला ५ मिमी सरकणारे) बॉलस्क्रू घेतलेत. घरांच्या नावाच्या पाट्या कोरायच्यात, मराठीत आणि कानडीत पण. मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरसाठी एकजण माक ३ टाकून देतो म्हणाला, मुलगा म्हणतोय फुकटातलं जीआरबीएल बास, आणि तिसरा म्हणतो लिनक्स सीएनसीशिवाय काय घेऊच नका. माझ्याकडं विंडोज १० चा ६४ बिटचा लॅपटॉप आहे. काय करू?

उत्तर : दादा, मुलाचं ऐका. पण का ते समजून घ्या, कारण पुढं मशीन अडलं की हेच कामाला येतंय.

मोटारीला विजेचा एक झटका, म्हणजे पल्स, मिळाला की ती एक पाऊल (स्टेप) फिरते. सगळा खेळ हे पल्स कोण बनवतंय याचा आहे. जुन्या पद्धतीचं माक ३ पॅरलल पोर्टवर (जुन्या कॉम्प्युटरला प्रिंटर जोडायचं सॉकेट) चालतं, तिथं पल्स कॉम्प्युटर स्वतःच बनवतो, आणि त्यासाठीचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर फक्त ३२ बिट विंडोजवर चालतं, म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर पल्स बनवणारं वेगळं मोशन कार्ड घेतल्याशिवाय ते जमणारच नाही. शिवाय लायसन्स विकत घ्यायला लागतं, फुकट डेमो जीकोडच्या (मशीनला द्यायच्या हुकमांच्या) ५०० ओळींवर थांबतो आणि नक्षीची एक पाटी पण हजारो ओळींची होते. कुणी क्रॅक टाकून देतो म्हणाला तर नको म्हणा, ऐन कामात बंद पडलं तर विचारायचं कुणाला?

जीआरबीएलमध्ये पल्स आर्डुइनो ऊनो नावाचा छोटा कंट्रोल बोर्ड बनवतो, लॅपटॉप नुसता एकेक ओळ पाठवत बसतो, त्यामुळं लॅपटॉप जुना असला तरी चालतंय. तुमचा हिशोब करून बघा की : मोटार फेऱ्याला २०० स्टेपची, मोटारीला करंट देणारा ड्रायव्हर ८ मायक्रोस्टेपवर (एका स्टेपचे ८ भाग), म्हणजे एका फेऱ्याला १६००, स्क्रू फेऱ्याला ५ मिमी सरकतो, म्हणजे मिमीला ३२० स्टेप. मिनिटाला २००० मिमी पळवलं तरी सेकंदाला साधारण १०,७०० पल्स होतात आणि ऊनोवरचं जीआरबीएल ३०,००० पर्यंत देतं. लाकडाला भरपूर झालं. हा ३२० आकडा जीआरबीएलच्या $१००, $१०१ आणि $१०२ या तिन्ही सेटिंगमध्ये (तिन्ही दिशांसाठी एकेक) घाला, मग १०० मिमी सरकवून मोजून बघा. ओळी पाठवायला लॅपटॉपवर युनिव्हर्सल जीकोड सेंडर टाका, फुकट आहे.

लिनक्स सीएनसी खरंच जबरदस्त आहे, पण ते लेथला, आटे (थ्रेड) कापायला किंवा जुनं मिलिंग मशीन सीएनसी करून घेणाऱ्याला. आणि पॅरलल पोर्टवर चालवायचं तर डेस्कटॉपच बरा, लॅपटॉपची पॉवर सेव्हिंग पल्सचं टायमिंग बिघडवते.

आता आपल्याकडच्या दोन गोष्टी. एक म्हणजे करंट. माझी सागवानाची पाटी पाऊण झाली होती आणि करंट गेला, लिमिट स्विच (मशीन टोकाला आलं की दबणारे) नव्हते, शून्य, म्हणजे कामाची सुरुवातीची जागा, कुठं होतं तेच कळेना, पाटी वाया गेली, अजून वाईट वाटतं. म्हणून स्विच बसवा, होमिंग (स्विचपर्यंत जाऊन मशीननं आपली जागा ओळखणं) चालू करा आणि शून्य जी ९२ या हुकमानं न लावता जी १० एल २० नं लावा, ते बोर्डाच्या मेमरीत टिकतं. पाटी क्लॅम्पमधनं हलवू नका, होमिंग केलं की परत त्याच जागी येता येतं.

दुसरी म्हणजे शिरोरेषा. मराठी अक्षरं फाँटमध्ये सुटी सुटी असतात आणि शिरोरेषेवर एकमेकांत घुसतात, तसंच दिलं तर मशीन प्रत्येक सांध्यावर उभी रेघ मारतं. इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करा, ऑब्जेक्ट टू पाथ, अनग्रुप आणि मग युनियन, त्यानंतरच टूलपाथ (कटरनं जायचा रस्ता) काढा. जोडाक्षरं पण त्यातच जागेवर येतात. कानडीला शिरोरेषा नाही, तिथं त्रास कमी, तरी वत्तक्षरं, म्हणजे अक्षराखाली लागणारी जोडाक्षरं, एकदा मोठी करून बघा.

आणि इमर्जन्सी स्विच सॉफ्टवेअरमधला नको, स्पिंडल (कटर फिरवणारी मोटार) आणि बाकी मोटारींची लाइन थेट तोडणारा लाल बटणवाला घ्या, हाताच्या अंतरावर.

प्रश्न : लॅपटॉप न ठेवता मशीन चालवता येईल का? (निपाणीहून)

उत्तर : येतंय. ईएसपी ३२ या वायफायवाल्या चिपचा बोर्ड घ्या आणि त्यावर फ्लुइडएनसी हे सॉफ्टवेअर टाका, तेही जीआरबीएलच्याच घराण्यातलं आहे. फाइल एसडी कार्डवर ठेवायची आणि मोबाइलच्या ब्राउझरमधनं वायफायवर चालू करायचं. मोबाइलचा संपर्क तुटला तरी कार्डवरनं चाललेलं काम थांबत नाही, पण म्हणून मशीन सोडून जेवायला जाऊ नका, लाकडाचा भुसा पेट घेतो.