हंगाम अडीच महिन्यांचा, सर्व्हर बारा महिन्यांचा?

प्रश्न : ताई, आम्ही दोघे भाऊ रत्नागिरीजवळ हापूसची बाग सांभाळतो. वाशीला माल पाठवायचा आणि दलालाच्या पट्टीची वाट बघत बसायचे, याला कंटाळून सहा वर्षांपूर्वी वेबसाइट काढली. आता निम्म्या पेट्या थेट गिऱ्हाइकाच्या घरी जातात. गेल्या गुढीपाडव्याला सकाळी नऊला बुकिंग उघडले आणि वीस मिनिटांत साइट बसली. काहींचे पैसे कापले गेले, पण ऑर्डर नोंदलीच गेली नाही. सध्या आम्ही स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांच्या साइट चालवणाऱ्या सामाईक सर्व्हरवर आहोत. एक कंपनी म्हणते, १६ कोअर आणि ६४ जीबी रॅमचा डेडिकेटेड, म्हणजे फक्त तुमच्यापुरता सर्व्हर घ्या, महिना १४ हजार, करार वर्षाचा. भाचा म्हणतो, क्लाउडवर चला, म्हणजे मोठ्या कंपनीची मशीन लागतील तेवढीच, लागतील तेव्हाच भाड्याने घ्या. आम्हाला क्लाउडच्या बिलाची धास्ती वाटते. काय करावे? साइटच्या नोंदींची फाइल सोबत जोडली आहे.
— एक आंबा बागायतदार, रत्नागिरी

उत्तर : नोंदींची फाइल पाठवलीत, हे फार चांगले केलेत. ‘क्लाउड की डेडिकेटेड?’ असे विचारणारी बरीच पत्रे येतात, पण वर्षभरात गर्दी कधी चढते आणि कधी उतरते हे कोणीच सांगत नाही. ते कळल्याशिवाय दिलेला सल्ला म्हणजे नुसता अंदाज.

तुमच्या फाइलमध्ये जून ते फेब्रुवारी दिवसाला दीडशेच्या आसपास माणसे दिसतात. मार्चच्या मध्यापासून मेअखेर रोज आठ-दहा हजार. आणि पाडव्याच्या त्या एका तासात बारा हजार. बागेत फळ असते तेव्हा राखणीला गडी ठेवता, काढणी संपली की त्यांचा हिशेब करून त्यांना गावी पाठवता. सर्व्हरचेही तसेच करता आले पाहिजे, आणि वर्षाच्या करारातल्या डेडिकेटेड सर्व्हरचे ते करता येत नाही.

हिशेब मांडू. १४ हजार गुणिले १२ म्हणजे १,६८,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १,९८,२४०. दुसरा व्यापारी या जीएसटीची वजावट घेतो. ताज्या आंब्यावर मात्र जीएसटीच नाही, त्यामुळे तुम्हाला ती वजावट मिळत नाही, हे ३०,२४० रुपये थेट तुमच्या खिशातून जातात. (डबाबंद आमरसही विकत असाल तर त्या प्रमाणात काही मिळेल, सीएंना विचारा.) आता धरून चला की तेवढ्याच ताकदीचे क्लाउडवरचे मशीन महिन्याला दुप्पट, म्हणजे २८ हजारांना पडले. अडीच महिन्यांचे ७० हजार. उरलेले साडेनऊ महिने दीड हजारांच्या छोट्या मशीनवर काढलेत तर १४,२५०. एकूण ८४,२५०, जीएसटी वेगळा. दर दुप्पट धरूनही निम्मा खर्च, आणि तुम्हाला १६ कोअर लागणारही नाहीत. म्हणून माझे उत्तर क्लाउड.

पण भाच्याला एवढ्यात शाबासकी देऊ नका. पाडव्याला साइट बसली ती सर्व्हर लहान म्हणूनच, असे मला वाटत नाही.

तुमचे मुखपृष्ठ मी उघडून पाहिले. बागेचे, मोहराचे, आढीतल्या पिकलेल्या फळांचे अकरा फोटो, सगळे कॅमेऱ्यातून जसे आले तसे चढवलेले. पान ६ एमबीचे झाले आहे. दहा हजार माणसांनी ते एकदा उघडले की दिवसाला ६० जीबी डेटा बाहेर जातो, महिन्याला १,८०० जीबी. क्लाउडवाले सर्व्हरच्या भाड्याव्यतिरिक्त या बाहेर जाणाऱ्या डेटाचे वेगळे पैसे लावतात, आणि बिल फुगते ते बहुतेक वेळा इथेच. ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रातून महिन्याचे पहिले १०० जीबी फुकट, पुढे प्रत्येक जीबीला सुमारे ११ सेंट. म्हणजे नुसत्या फोटोंपायी दरमहा १८७ डॉलर. तेच फोटो वेबपी प्रकारात बारीक करून पान ६०० केबीवर आणलेत, तर महिन्याला १८० जीबी जातील आणि खर्च नऊ डॉलरांच्या आत राहील. भाच्याचे एका संध्याकाळचे काम आहे. क्लाउडवर जायच्या आधी ते करून घ्या.

आता पैसे कापले आणि ऑर्डर नाही, त्याबद्दल. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे, कारण ज्याचे पैसे अडकले ते गिऱ्हाईक परत येत नाही. गिऱ्हाईक पैसे भरून तुमच्या पानावर परतते, त्या क्षणी तुमची साइट ऑर्डर लिहिते. साइट बसलेली असली की ती लिहिलीच जात नाही. ऑर्डर पैसे भरण्याआधी ‘पैसे बाकी’ म्हणून नोंदली गेली पाहिजे. पैसे जमा झाल्यावर पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी मधली कंपनी, स्वतःहून तुमच्या सर्व्हरला वेगळा निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. तो आला की ती नोंद पक्की करायची. सर्व्हर त्या वेळी बंद असेल तर गेटवे तो निरोप पुन्हा पुन्हा पाठवतो. भाच्याला विचारा, वेबहुक जोडला आहे का? नसेल तर ६४ जीबी रॅम घेऊनही पुढच्या पाडव्याला हेच होईल.

बिलाच्या धास्तीबद्दल बोलते, कारण ती खोटी नाही. क्लाउडवर खर्चाची मर्यादा लिहून ठेवता येते, पण बहुतेक ठिकाणी ती ओलांडली की नुसती मेल येते, मशीन चालूच राहते. तुमच्यासाठी मला ठरावीक मासिक दराचा, व्हीपीएस म्हणतात तसा (मोठ्या मशीनचा आपल्यापुरता वेगळा केलेला वाटा) क्लाउड सर्व्हर बरा वाटतो. गर्दी वाढली की आपोआप नवी मशीन उभी करण्याची सोय सध्या घेऊच नका. १ मार्चला मोठा आकार निवडायचा, जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा छोटा. आकार बदलताना मशीन काही मिनिटे बंद राहते, तेव्हा ते रात्री करा. मोठा करताना फक्त कोअर आणि रॅम वाढवा. डिस्क एकदा वाढवली की सहसा परत लहान करता येत नाही आणि जूनमध्ये अडकायला होते. पत्ता बदलू नये म्हणून स्थिर आयपी आधीच घेऊन ठेवा.

आणि खाते तुमच्या नावावर, बागेच्या मेलवर काढा, भाच्याच्या मेलवर नको. डोमेनचे, म्हणजे साइटच्या नावाचेही तसेच. उद्या तो नोकरीला बंगळुरूला गेला आणि ऐन एप्रिलमध्ये ओटीपी त्याच्या फोनवर येत राहिला तर काय कराल? पासवर्डसोबत ओटीपीची दुसरी पायरी लावा. क्लाउड खात्याच्या किल्ल्या (पासवर्डसारखे गुप्त संकेत) चोरून दुसऱ्याच्या खात्यावर बिटकॉइनसारख्या चलनांचे खाणकाम चालवणाऱ्या टोळ्या आहेत, आणि बिल खातेदाराच्या नावाने येते.

मी हे सगळे डेडिकेटेड सर्व्हरच्या द्वेषाने लिहीत नाही. माझी बावीस वर्षे महापे-ऐरोलीच्या सर्व्हर रूममध्येच गेली. पण २००९ ची दिवाळी मी विसरलेली नाही. ठाण्यातल्या एका छोट्या कंपनीत आम्ही बसगाड्यांचे आरक्षण एकाच डेडिकेटेड सर्व्हरवर चालवत होतो. वसुबारसेला त्याचे रेड कंट्रोलर कार्ड, म्हणजे दोन्ही डिस्क एकत्र चालवणारे कार्ड, गेले. दोन्ही डिस्क धडधाकट, आतला डेटा शाबूत, पण वाचणार कसा? सुटे कार्ड पुरवणाऱ्याचे दुकान सणासाठी बंद. कार्ड तिसऱ्या दिवशी आले. तोवर स्टँडवर माणसे हातात चिठ्ठ्या घेऊन भांडत होती आणि मी फोनवर त्यांची माफी मागत होते. एकाच मशीनवर सगळे ठेवायचे तर दुसरे मशीन, सुटे भाग आणि रात्री उठणारा माणूस यांचाही खर्च धरावा लागतो. तुम्हाला दिलेल्या १४ हजारांच्या दरपत्रकात तो आहे का, ते बघा. त्यातल्या ‘९९.९ टक्के चालू’ या हमीचाही अर्थ समजून घ्या : वर्षातून पावणेनऊ तास बंद राहिला तरी हमी पाळली गेली. ते तास पाडव्याच्या सकाळी आले तर भरपाई फार तर भाड्यातली सूट, गेलेल्या पेट्यांची नव्हे.

बॅकअप मात्र कुठेही गेलात तरी दुसऱ्या गावात, दुसऱ्या कंपनीकडे ठेवा. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांचे दोन्ही गेले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तासाला बारा हजार माणसांचा खोटा भार टाकून साइट तपासून घ्या. त्यासाठी के-सिक्स, जेमीटर अशी फुकट साधने आहेत. मशीन मोठे केल्यानंतर तपासा, आधी नको. त्या तपासणीचा आलेख मला पाठवलात तर मी नक्की बघेन.

प्रश्न : आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत ४० जण दिवसभर एकाच हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करतात. तीन वर्षांत माणसे वाढली नाहीत, काम वाढले नाही, क्लाउडचे बिल मात्र वाढते आहे. परत डेडिकेटेड सर्व्हरकडे फिरावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : हो, फिरण्याचा विचार जरूर करा. बारा महिने सारखेच काम असेल तर लवचीकपणाचे पैसे कशाला भरायचे? बेसकॅम्प हे कामाच्या नियोजनाचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या थर्टीसेव्हन सिग्नल्स या अमेरिकी कंपनीने २०२२ मध्ये क्लाउडवर ३२ लाख डॉलर खर्च केले आणि पुढच्या वर्षी स्वतःचे सर्व्हर विकत घेऊन बाहेर पडली. तिचे कामही बऱ्यापैकी एकसारखे होते. आधी एक मात्र करा : सध्याच्या क्लाउडवाल्याकडे एक किंवा तीन वर्षांच्या बांधिलकीचा दर मागा. तो मोठ्या सवलतीचा असतो, आणि कदाचित हलवाहलव टळेल. फिरलातच तर कंपनी कायद्याच्या नियमांप्रमाणे हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर गेला पाहिजे. २०२२ च्या दुरुस्तीपासून ‘ठरावीक काळाने’ चालत नाही. नव्या कराराच्या मसुद्यात ते काम कोणाचे, हे सही करण्याआधी लिहून घ्या.