एकाच काळातील चांदीच्या जुन्या रुपयांचे आकार वेगवेगळे का असतात? लहान नाणे खोटे समजावे का?

आपल्या आजींच्या पेटीत फारसी अक्षरांचे दोन रुपये निघाले, त्यांपैकी एक लहान व जाड, तर दुसरा पसरट आहे. शिवाय राणी व्हिक्टोरियाच्या 1862 सालच्या दोन रुपयांपैकी एक दुसऱ्याहून अर्धा मिलिमीटर लहान भरतो, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते पहिल्या जोडीतील फरकाची काळजी करण्याचे कारण नाही. दुसऱ्या जोडीतील फरक मात्र नीट तपासला पाहिजे.

मोगल आणि मराठा टांकसाळींत रुपयाचे वजन आणि चांदीचा कस सांभाळला जाई, व्यास नव्हे. चांदीच्या कांबीचे तुकडे पाडून, वजन जुळेपर्यंत छाटून, ते ठोकून गोल करत आणि दोन ठशांमध्ये ठेवून वरून हातोडा मारत. चकतीला बाजूने आवर घालणारे काही नसल्याने ती घावाच्या जोराप्रमाणे पसरे. ठसाही बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. म्हणूनच चांदवड टांकसाळीच्या किंवा अंकुशाची खूण असलेल्या अंकुशी रुपयावर मोगल बादशहाचे पूर्ण नाव क्वचितच सापडते. अशा नाण्यांचा व्यास 20 मिलिमीटरही असू शकतो आणि 25 मिलिमीटरही. ती जोडी आधी तराजूवर ठेवा. दोन्ही नाणी साधारण 11 ते 11.5 ग्रॅमच्या दरम्यान भरली, तर आकारातील फरक केवळ घडणीचा आहे. त्या काळचे सराफही वजन आणि कस पाहूनच बट्टा, म्हणजे नाण्याच्या किमतीतून कापायची रक्कम, ठरवत आणि खात्रीसाठी नाण्यावर बारीक छाप मारत. असे छाप आढळले तर त्यांना दोष समजू नका.

कंपनी सरकारने 1835 साली सर्वत्र एकच रुपया लागू केला: वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि त्यात 12 पैकी 11 भाग चांदी. हे वजन बरोबर एक तोळा असल्याने आपल्याकडे घरोघरी रुपयाभार हे मापच रूढ झाले. हा रुपया यंत्रावर, पोलादी कड्यात चकती बसवून पाडला जाई. त्या कड्यामुळे व्यास सुमारे 30.5 मिलिमीटरवर बांधला जातो आणि कडेवर दाते उमटतात. वापराने चेहरा आणि अक्षरे झिजतात, वजनही थोडे घटते, पण व्यास अर्ध्या मिलिमीटरने कमी होणे अवघड आहे. खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन त्यात धातू ओतला, तर निवताना तो आकसतो आणि नक्कल मुळापेक्षा किंचित लहान उतरते. आपल्या लहान रुपयाबद्दल माझा पहिला संशय हाच आहे. दातांच्या ओळीवर आडवी सांधरेषा किंवा पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसतात का, ते भिंगाखाली पाहा.

घनतेची परीक्षा घरीही करता येते. अचूक तराजूवर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा आणि रुपया बारीक दोऱ्याने, तळाला वा काचेला न टेकवता, पूर्ण बुडवा. दिसणारे ग्रॅम म्हणजे नाण्याचे आकारमान घन सेंटिमीटरमध्ये. चांगला रुपया येथे सुमारे 1.13 दाखवतो. पितळेवर चांदीचा मुलामा असेल आणि वजन तेवढेच असेल, तर आकडा 1.35 च्या आसपास जातो. 1940 नंतरच्या रुपयांत चांदी निम्मीच आहे, त्यामुळे वजन आणि व्यास तेच राहूनही ते सुमारे 1.22 दाखवतात; त्यांना खोटे ठरवू नये. 1947 चा वाघाचा रुपया तर निकेलचा आहे, त्याचा व्यासच 28 मिलिमीटर असतो आणि तो चुंबकाला चिकटतो.

आणखी एक शक्यता आहे, ती आपल्या घरांत बरीच आढळते. रुपयांना कडी डाखून, म्हणजे डाख वितळवून जोडून, माळ करत, आणि पुढे कडी काढताना डाखाची जागा कानशीने घासली जाई. म्हणून व्यास एकाच ठिकाणी न मोजता चारही बाजूंनी मोजा. एकाच रेषेत तो कमी भरला आणि तेथे दाते पुसलेले असले, तर नाणे खरे असून दागिन्यातून सुटलेले आहे, असे मी मानेन. तपासणी पुरी होईपर्यंत चिंच किंवा राख लावून ते उजळू मात्र नका, कारण डाखाची खूण आणि कडेवरची सांधरेषा त्यात नाहीशी होते.